लाल चकतीचा टायमर: चालढकलीवर उपाय, पण काम आधी ठरवून घ्या

नवी भाषा शिकायची आहे, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं आहे, गिटारवर एक अवघड तुकडा बसवायचा आहे. अशा स्वतःच्याच कामांना कुणी तारीख दिलेली नसते, म्हणून त्यांचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडतं. त्यांच्यासाठी ६० मिनिटांचा लाल चकतीचा टायमर घ्यावा का? घ्यावा. काम सुरू करायला आणि रेटायला इतकं साधं साधन दुसरं नाही. कोणतं काम करायचं हे मात्र तो सांगत नाही, आणि बहुतेकांची निराशा तिथेच होते.

अमेरिकेतल्या जॅन रॉजर्स यांनी १९९४ साली हा प्रकार तयार केला, तो ‘अजून किती वेळ?’ असं सारखं विचारणाऱ्या आपल्या लहान मुलीसाठी. तबकडीवर शून्य सर्वात वर असतो आणि आकडे घड्याळाच्या उलट दिशेने वाढत जातात. म्हणजे १५ चा आकडा घड्याळातल्या ९ च्या जागी येतो. पहिले दोन दिवस याने गोंधळायला होतं. शून्यापासून उलट दिशेने चकती ओढली की तेवढा भाग लाल होतो आणि वेळ सरेल तसा आक्रसत जातो. एका मिनिटाला ६ अंश, म्हणजे २५ मिनिटांना १५० अंशांची फोड. आकडा वाचून वजाबाकी करावी लागत नाही. उरलेला वेळ कडेच्या नजरेलाही कळतो, आणि सगळी किमया एवढीच आहे.

घेताना तीन गोष्टी बघा. घंटा बंद करायची सोय हवी. चकती सरकताना आवाज येऊ नये. आणि पुढचं प्लास्टिक फार चकाकणारं नको, नाहीतर दिव्याखाली लाल भागाऐवजी दिव्याचंच प्रतिबिंब दिसत राहतं. मिनिटाची अचूकता मागू नका. हाताने लावताना एखाद्या मिनिटाचा फरक पडतोच, आणि या कामाला तो चालतो.

चावीचा स्वयंपाकघरातला टायमर स्वस्त पडतो आणि त्याला सेल लागत नाही, पण तो टिकटिकतो. शिवाय ५-१० मिनिटं लावायची असतील तर आधी बरंच पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो. तसं केलं नाही तर स्प्रिंगला पुरेसा ताण बसत नाही आणि घंटा अर्धवट वाजते. फोनमधला टायमर सर्वात अचूक असतो, पण या कामाला सर्वात निरुपयोगी. वेळ बघायला फोन उचलला की सोबत तीन सूचना दिसतात.

वापरायची रीत अशी. टायमर हातभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवला तर कामापेक्षा चकतीकडेच जास्त लक्ष जातं. चकती फिरवण्याआधी कागदावर एक ओळ लिहा, आणि तिच्या शेवटी दिसणारी वस्तू असू द्या. ‘अभ्यास’ असं लिहू नका. ‘उदाहरणं १ ते ६ सोडवून उत्तरं ताडली’ असं लिहा. मग २५ मिनिटं लावा. ज्या कामाचा तिटकारा आलाय त्याला १० पुरेत, कारण तिथे अडचण सुरुवातीची असते. लाल भाग संपला की वाक्य अर्धं असलं तरी हात थांबवा आणि पुढचं पाऊल काय ते लिहून उठा. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते शोधण्यात जाणारा वेळ ही ओळ वाचवते.

त्याच ओळीपुढे दोन आकडे टाका: अंदाजे किती फेऱ्या लागतील आणि खऱ्या किती लागल्या (एकदा लावलेली चकती संपली की एक फेरी). टायमरची खरी किंमत इथे वसूल होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५. सगळंच बिघडलं तर किती लागतील, याचंही सरासरी उत्तर ४९ दिवसांच्या आतच होतं. आपला अंदाज असा चुकतो, म्हणून दहा-बारा नोंदी झाल्या की भागाकार करा. अंदाज ३ फेऱ्यांचा आणि लागल्या ५, असं वारंवार होत असेल तर पुढच्या प्रत्येक अंदाजाला सुमारे १.७ ने गुणा. मग ठरवलेली तारीख पाळता येते.

वेगाचा फायदा फक्त लवकर संपण्यात नसतो. महिनाभर घासलेल्या एका मसुद्याऐवजी आठवड्यात तीन कच्चे मसुदे झाले, तर मूळ मांडणीच फसली आहे हे पहिल्या आठवड्यातच कळतं. तेव्हा ती मोडताना जीव तुटत नाही. रेंगाळणाऱ्या कामात हीच चूक शेवटी सापडते, आणि तोवर त्या मांडणीवर जीव जडलेला असतो.

आता हे साधन कुठे फसतं ते. आकसणारा लाल भाग कुठल्याही कामाला तातडीचं रूप देतो, ईमेल आवरण्यालाही. थोडाच वेळ उरलेलं काम दिसलं, की जास्त मोबदल्याचं काम बाजूला सारून लोक तेच उचलतात, असं २०१८ मधल्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून काम आदल्या रात्री ठरवा आणि सकाळी फक्त चकती फिरवा. दुसरं, हातांच्या कौशल्यात टायमरने गती वाढवू नका. गिटारचा तुकडा घाईत चुकीचा घोटला तर चूकच पक्की होते. तिथे टायमर फक्त बसण्याची वेळ ठरवेल, गती मेट्रोनोमने, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राने, एका वेळी मिनिटामागे ४-५ ठोके अशी चढवावी. आणि महिन्यांच्या उद्दिष्टाला ६० मिनिटांची तबकडी अपुरीच पडते, शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर लागतंच.

देखभाल थोडीच आहे. चकती झटका देऊन फिरवू नका, आतले दाते प्लास्टिकचे असू शकतात. बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळलेला सेल आतल्या पट्ट्या खातो. सेल उतरला की काही टायमर बंद न पडता हळू चालतात, आणि हे पटकन लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा २५ मिनिटं लावून फोनच्या घड्याळाशी ताडून बघा. दोन मिनिटांहून जास्त मागे पडत असेल तर सेल बदला.