सपाट मुलखातील उंची : गार्मिन ईट्रेक्स ३२एक्सचे परीक्षण

गार्मिन कंपनीने २०१९ साली ईट्रेक्स मालिकेत २२एक्स आणि ३२एक्स ही हातात धरून वापरायची दोन जीपीएस यंत्रे आणली. दोन्हींचा आकार, पडदा, साठवण आणि सेल सारखेच आहेत. ३२एक्समध्ये वायुदाबावर चालणारा उंचीमापक आणि जागेवर उभे राहूनही दिशा दाखवणारे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र या दोन गोष्टी अधिक आहेत आणि त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. नागपूर आणि भोवतालचा बहुतेक मुलूख समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास पसरलेला आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्याने उंचीमापकासाठी वेगळे पैसे द्यावेत का, हा प्रश्न पक्षिनिरीक्षक, वनस्पतींच्या नोंदी ठेवणारे अभ्यासक आणि मेळघाटात भटकणारी मंडळी नेहमी विचारतात. माझे मत असे आहे की ३२एक्सची जादा किंमत होकायंत्रामुळे वसूल होते; उंचीमापक उपयोगी आहे, पण त्याला ठरावीक काळाने खरी उंची सांगत राहण्याची शिस्त ज्याच्याकडे आहे त्यालाच.

उंचीचा विषय थोडा सविस्तर मांडतो, कारण सर्वाधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहेत. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही आडव्या स्थानाइतकी अचूक कधीच नसते. आडवे स्थान ठरवताना उपग्रह चारही दिशांना विखुरलेले असतात, उंची ठरवताना मात्र ते सगळे आपल्या डोक्यावरच असतात. पायाखालचे उपग्रह पृथ्वीने झाकलेले असतात. त्यामुळे उंचीतील चूक आडव्या चुकीच्या साधारण दीडपट ते दुप्पट, आणि झाडीत त्याहूनही अधिक होते. शिवाय उपग्रहांच्या गणितातून निघणारी उंची पृथ्वीच्या एका गुळगुळीत, कल्पित लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारतीय उपखंडाखाली या दोन पृष्ठांमधील अंतर बरेच मोठे आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते जगात सर्वाधिक, म्हणजे सुमारे १०६ मीटर, इतके होते. यंत्र ही दुरुस्ती स्वतःच करून आकडा दाखवते, मात्र मोबाइलमधील काही अ‍ॅप ती करत नाहीत. एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोघांच्या आकड्यांत बऱ्याच मीटरांचा फरक दिसला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

बॅरोमीटर, म्हणजे वायुदाबावर चालणारा उंचीमापक, या दोषातून वाट काढतो, पण त्याच्यासोबत दुसरा दोष येतो. नागपूरच्या उंचीवर वायुदाब एक हेक्टोपास्कलने (हे वायुदाबाचे एकक) उतरला की यंत्राला आपण सुमारे साडेआठ मीटर वर चढलो असे वाटते. उष्ण कटिबंधात वायुदाब दररोज घड्याळ लावल्यासारखा वरखाली होतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. उन्हाळ्याच्या दिवसात सकाळी दहा आणि दुपारी चार यांमधला फरक तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो. याचा अर्थ, नागपुरातील फुटाळा तलावाच्या काठावर टेबलावर ठेवलेले यंत्रही दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर चढलेले दिसू शकते. अवकाळी पावसाचे वादळ आले की वायुदाब काही मिनिटांत उडी घेतो आणि आकडा तितक्याच झटक्यात खाली येतो. यंत्र बिघडलेले नसते. ते हवा मोजत असते, आणि हवेतील बदलाला आपण उंचीतील बदल समजतो.

ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा आपोआप जुळवून घेण्याची सोय, चालू ठेवली तर यंत्र उपग्रहांच्या उंचीशी ताळा घेत बॅरोमीटरचा आकडा हळूहळू दुरुस्त करते. दिवसभराच्या भटकंतीत हीच व्यवस्था बरी. पण एखाद्या कड्याची किंवा टेकडीची उंची नोंदवायची असेल, तर निघण्यापूर्वी ज्ञात उंचीच्या जागी यंत्राला ती उंची स्वतः भरून द्यावी. या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. शहरातील झिरो माइल या जुन्या सर्वेक्षण स्तंभाशी भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची प्रमाण खूण आहे आणि तिची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर, अशी नोंदलेली आहे. या यंत्राच्या दृष्टीने एक-दोन मीटरचा फरक गौण आहे, म्हणून स्तंभाशेजारी उभे राहून ३११ भरले की काम होते. ज्यांना गर्दीचा तो चौक सोयीचा नाही, त्यांनी रेल्वे स्थानकाच्या फलाटाच्या टोकाला असलेला पिवळा फलक पाहावा. त्यावरही समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते आणि बाहेरगावी गेल्यावर तीच सोय जवळजवळ प्रत्येक स्थानकावर मिळते. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासहून सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांचे निधन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला झाले, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या माणसांनी जड उपकरणे बैलगाड्यांवर वाहून जी अचूकता गाठली, तिच्या आधारावरच आज खिशातले यंत्र जुळवता येते, ही गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते.

कॅलिब्रेशन उंची भरून करता येते तसेच वायुदाब भरूनही करता येते. दुसऱ्या पद्धतीत समुद्रसपाटीशी जुळवून घेतलेला दाब द्यायचा असतो, हवामान केंद्रावर प्रत्यक्ष मोजलेला नव्हे. नागपुरात या दोन आकड्यांत पस्तीसच्या आसपास हेक्टोपास्कलांचे अंतर असते आणि चुकीचा आकडा भरल्यास उंची सुमारे तीनशे मीटरने चुकते. म्हणून ज्ञात उंची भरण्याची पद्धत मी अधिक सुरक्षित मानतो.

मेळघाटात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅरोमीटरचे गणित प्रमाण वातावरण, म्हणजे ठरवून दिलेले सरासरी तापमान आणि दाब, गृहीत धरते आणि विदर्भातील वैशाखातली हवा त्या प्रमाणापेक्षा कितीतरी तापलेली, म्हणून विरळ असते. परिणामी प्रत्यक्ष चढापेक्षा यंत्र कमी चढ दाखवते. नागपूरहून निघून सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला पोहोचेपर्यंत आठशे मीटरचा चढ होतो. निव्वळ बॅरोमीटरवर विसंबल्यास भर उन्हाळ्यात त्यातील साठ-सत्तर मीटर हरवू शकतात. वर पोहोचल्यावर पुन्हा एकदा ज्ञात उंची भरणे हाच त्यावरचा उपाय आहे.

नकाशांच्या साठवणीबाबत हे यंत्र समाधानकारक आहे. आत आठ गिगाबाइटची मेमरी असून वर मायक्रोएसडी कार्ड बसवता येते. आधीपासून कोणता तपशीलवार नकाशा भरलेला असेल, हे यंत्र कोणत्या देशातील विक्रीसाठी आहे यावर ठरते, तेव्हा दुकानातच नकाशाचे पान उघडून रामटेक किंवा उमरेडपर्यंत जाऊन पाहावे. केवळ जगाचा ढोबळ नकाशा दिसला तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेले, गार्मिनच्या आयएमजी स्वरूपातील नकाशे विनामूल्य मिळतात. ते कार्डावरील ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. जुन्या यंत्रांत अशी एकच, ठरावीक नावाची फाइल चालत असे. या यंत्रात वेगवेगळ्या नावांच्या अनेक फाइली राहू शकतात आणि हवी ती चालू किंवा बंद करता येते. कार्ड एफएटी३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असल्यामुळे एकेक फाइल चार गिगाबाइटहून लहान असावी लागते. एकाच भागाचे दोन अपारदर्शक नकाशे एकदम चालू ठेवू नयेत. एक दुसऱ्याला झाकतो आणि पायवाटा गायब झाल्यासारख्या वाटतात.

मोठी फाइल यंत्राच्या मिनी यूएसबी केबलने भरणे कंटाळवाणे आहे. कार्ड काढून कार्ड रीडरमधून भरावे, फक्त कार्डाची जागा सेलच्या खाली असल्याने प्रत्येक वेळी दोन्ही सेल काढावे लागतात. नोंदवलेली ठिकाणे आणि चाललेल्या वाटा अंतर्गत मेमरीतही राहतात, त्यामुळे कार्ड बदलल्याने त्या जात नाहीत. चालू ट्रॅकसाठी, म्हणजे चालत असलेल्या वाटेच्या नोंदीसाठी, दहा हजार बिंदूंची मर्यादा आहे. दर सेकंदाला नोंद ठेवल्यास ती तीन तासांच्या आत भरते आणि मागचा भाग संग्रहात टाकला जातो; पायी चालणाऱ्याने ‘ऑटो’ पर्याय ठेवावा, वळणांवर अधिक आणि सरळ वाटेवर कमी बिंदू घेण्याचे काम यंत्र चांगले करते.

या विनामूल्य नकाशांवरील समोच्च (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा बहुधा फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानावरच्या रडार मोहिमेच्या माहितीतून काढलेल्या असतात. दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही, शेंड्यांच्या जवळची उंची नोंदवते. सातपुड्यातील उतार ओळखायला या रेषा पुरेशा आहेत; पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या सपाट जंगलात मात्र त्यांवरून नाल्याचा काठ ठरवू नये.

स्थानाची अचूकता ऋतूनुसार बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानगळ करतो तेव्हा आकाश मोकळे असते आणि यंत्र पटकन स्थिर होते. श्रावणात तेच जंगल ओल्या, रुंद पानांनी झाकले जाते आणि संकेत क्षीण होतात. जीपीएससोबत ग्लोनास ही रशियाची उपग्रह प्रणालीही चालू ठेवावी. भारताच्या ‘नाविक’ या उपग्रह प्रणालीचे संकेत हे यंत्र घेत नाही, ही उणीव वाटते. होकायंत्राचे महत्त्व अशाच जागी कळते : २२एक्ससारखे साधे यंत्र आपण चालत असतानाच दिशा सांगू शकते, आणि दाट रानात थांबून कोणत्या बाजूला वळायचे हे ठरवताना ते निरुपयोगी होते. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करावे लागते. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

यूटीएम पद्धतीने, म्हणजे पृथ्वीचे रेखांशांनुसार पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीने, नोंदी घेणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. नागपूर, वर्धा आणि रामटेक ४४व्या पट्ट्यात येतात, तर ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेकडील अमरावती आणि चिखलदरा ४३व्या पट्ट्यात. वहीत पट्ट्याचा क्रमांक लिहिला नाही, तर नंतर ती नोंद भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडते. जुन्या टोपोशीट (भूरचनेचे सरकारी नकाशे) एव्हरेस्ट मापनाधारावर, म्हणजे डेटमवर, असतात, तेव्हा त्यांच्याशी ताळा घेण्यापूर्वी सेटिंगमधील डेटम तपासावा.

पडदा २.२ इंचांचा, म्हणजे लहानच, आणि नकाशा सरकवताना यंत्र रेंगाळते. तरीही मे महिन्याच्या भर दुपारी दिवा न लावता तो स्वच्छ वाचता येतो, आणि इथल्या उन्हात मोबाइलपेक्षा तो उजवा ठरण्याचे मुख्य कारण हेच आहे. दोन पेन्सिल सेलवर कंपनी पंचवीस तासांचा दावा करते. रिचार्ज होणारे सेल वापरत असल्यास सेटिंगमध्ये तो प्रकार निवडावा, अन्यथा शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. यंत्राची उष्णतेची मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये.

सीताबर्डीतील सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे यंत्र हाताळून पाहायला मिळेलच असे नाही; अधिकृत विक्रेत्याकडून, भारतातील हमीपत्रासह घ्यावे. परदेशातून कोणी आणून देणार असेल, तर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी इनरीच प्रकारची यंत्रे मागवू नयेत. परवान्याशिवाय ती बाळगणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि विमानतळांवर अशा कारणाने प्रवाशांना ताब्यात घेतले गेले आहे. ईट्रेक्स ३२एक्स केवळ संकेत घेणारे यंत्र असल्याने त्याला ही अडचण येत नाही. ज्यांची भटकंती वाटांवरून आणि ओळखीच्या रानातून होते त्यांना २२एक्स पुरेसे आहे; मेळघाटात, किंवा वाट सोडून नोंदी घेत हिंडणाऱ्यांनी ३२एक्सच घ्यावे.