मोठ्या संख्यांसाठी दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर : सहा महिन्यांचा अनुभव

दादरला माझ्याकडे गणिताला येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना मोठ्या संख्यांचे मूळ अवयव हाताने पाडून झाल्यावर उत्तर पडताळता यावे, म्हणून सहा महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून मी हा कॅल्क्युलेटर आणला. कळा मऊ आहेत, पडदा उन्हातही स्पष्ट दिसतो.

पहिल्याच दिवशी मी त्याला ४२९४९६७२९७ ही संख्या दिली. फ्रेंच गणितज्ञ फर्मा हिला मूळ संख्या समजत होता. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने ६४१ हा तिचा भाजक शोधून तो समज खोडून काढला. पडद्यावर ६४१ आणि त्यापुढे कंसात ६७००४१७ असे उत्तर आले. या कंसाचा अर्थ माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत दिला आहे, आणि तोही मराठीत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. यंत्र फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत भाग देऊन पाहते आणि त्यापुढे निर्णय करता आला नाही की उरलेली संख्या कंसात ठेवते. ६७००४१७ खरोखरच मूळ आहे. पण १०१८०८१ हा १००९ चा वर्ग असूनही तोही तसाच कंसात येतो. कंसातली संख्या मूळच असते, असे समजून माझ्या दोन विद्यार्थ्यांनी उत्तरे चुकवली.

२१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही संख्या तर अख्खीच कंसात येते. ती मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले. तिचा कोणताही मूळ भाजक २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, त्यामुळे वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत, केवळ ३७३ संख्या विचारात घ्याव्या लागतात आणि त्यांतल्याही मूळ तेवढ्याच तपासायच्या असतात. त्यांतली पहिली ३११. तिने भाग देऊन बाकी दाखवणारी कळ दाबली की ३५ उरलेले दिसतात. हे काम या यंत्रावर चिकाटीने करता येते, आणि मुलांना ते करायला लावण्यात मला फार आनंद मिळाला.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या संख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून मिळवले की तीच संख्या परत येते अशा संख्यांसाठी, मात्र दहा अंक अपुरे पडतात. ९९९९९ चा वर्ग ९९९९८००००१ पूर्ण दिसतो. त्याचे ९९९९८ आणि ००००१ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा ९९९९९ येतात. १४२८५७ च्या वर्गाला अकरा अंक लागतात, म्हणून शेवटचा अंक पडद्यावर येत नाही. त्यावर उपाय असा, की त्याच उत्तरातून २० अब्ज वजा करावेत : ४०८१२२४४९ दिसते, मनाने त्याच्या डावीकडे २० लिहिले की २०४०८ आणि १२२४४९ हे दोन्ही भाग हाती येतात, आणि त्यांची बेरीज १४२८५७ च भरते.