साउंडबार की रिसीव्हर आणि सुटे स्पीकर?

माझ्या भाच्याने नव्या घरात टीव्ही लावला असून, ४० हजार रुपयांत साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट, एकसंध स्पीकर) घ्यावा की रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारे यंत्र) आणि सुटे स्पीकर, या पेचात तो आहे.

खर्चाच्या दृष्टीने साउंडबार सरळ आहे, कारण तेवढ्या रकमेत सबवूफरसह, म्हणजे खर्जातल्या आवाजाच्या स्पीकरसह, पूर्ण संच मिळतो. रिसीव्हर घेतल्यास मोठा वाटा त्यावरच जातो आणि सुरुवात दोनच स्पीकरवर करावी लागते. खोक्यावरील वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नये. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो.

खरा फरक श्रवणात आहे. सुट्या स्पीकरमध्ये सहा-सात फुटांचे अंतर ठेवता येते, त्यामुळे आवाज पसरलेला जाणवतो. अनेक साउंडबार हा विस्तार भिंतींवरून आवाज परावर्तित करून भासवतात, आणि एका बाजूने उघड्या दिवाणखान्यात तो भास टिकत नाही. मला संवादांची स्पष्टता सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणून साउंडबार घ्यायचाच तर संवादांसाठी स्वतंत्र मधली वाहिनी असलेला, म्हणजे किमान ३.१ (डावी, मधली व उजवी अशा आवाजाच्या तीन वाहिन्या आणि एक सबवूफर) घ्यावा.

चांगले स्पीकर अनेक वर्षे टिकतात आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. साउंडबार बंद पडला, तर त्याचा बिनतारी सबवूफरही बहुधा निरुपयोगी ठरतो. जोडणीला मात्र साउंडबारला एचडीएमआय आर्कची (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या जोडणीची) एकच केबल पुरते.

भाड्याच्या घरात किंवा तारांचा पसारा नको असल्यास साउंडबार योग्य. घर स्वतःचे असेल आणि मधला स्पीकर व सबवूफर पुढे सवडीने घेण्याची तयारी असेल, तर रिसीव्हर घ्यावा. भाच्याला मी तोच सुचवला आहे.