जुन्या गिटारचा प्रीअँप: सर्किट उकलायचं, नवं बांधायचं की बदलून टाकायचं?

जुन्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारचा प्रीअँप (पिकअपचा कमजोर सिग्नल सांभाळून पुढे देणारं सर्किट) खरखरायला लागला की दुकानात एकच उत्तर मिळतं: "काढून टाका, नवा बसवून देतो." दुकानदाराला संध्याकाळपर्यंत गिटार परत करायची असते, त्याचंही बरोबर आहे. पण गिटार सत्तर-ऐंशीच्या दशकातली ओव्हेशन किंवा ताकामिने असेल, तर थोडं थांबा. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत: मूळ बोर्डाचं सर्किट ट्रेस करून तोच जिवंत करणं, त्याच्या जागी साधा एफईटी बफर (एफईटी या जातीच्या ट्रान्झिस्टरवरचं, पिकअपवर ओझं न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) बांधणं, किंवा तयार प्रीअँप विकत घेणं.

निवडीआधी एक हिशेब डोक्यात हवा. या दोन्ही गिटारींच्या ब्रिजमध्ये तारेमागे एक असे सहा पिएझो, म्हणजे तारेच्या कंपनातून वीज काढणारे, तुकडे असतात. पिएझो म्हणजे विजेच्या दृष्टीने जवळजवळ नुसता कपॅसिटर. तो ५०० पिकोफॅरड धरा. पुढच्या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १ मेगओहम असेल, तर ३१८ हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला लागतो. जाड ई तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे तो बराचसा गेलाच. इम्पिडन्स १० मेगओहम केला की हीच सीमा ३२ हर्ट्झवर येते आणि बास शाबूत राहतो. "जुन्या प्रीअँपचा आवाज" म्हणून आपण ज्याच्या प्रेमात असतो, त्यातला मोठा वाटा हा इम्पिडन्स ठरवणाऱ्या एका रेझिस्टरचा असतो. उरलेला बराचसा टोन कंट्रोल कुठल्या फ्रीक्वेन्सीला धरतो त्याचा. सर्किटमधलं बाकी सगळं मला तरी दुय्यम वाटतं.

म्हणून पहिला रस्ता, सर्किट उकलण्याचा, वाटतो तेवढा लांबचा नाही. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी सरळ फोटो काढायचे, ट्रॅकच्या बाजूचा आरशासारखा उलटा करायचा आणि गिंप या फोटो-एडिटिंग प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवायचा. ऐंशीच्या दशकातले बरेच बोर्ड एकाच बाजूला ट्रॅक असलेले असतात, त्यामुळे मल्टिमीटरचा बझर लावून जोडण्या पटकन कागदावर येतात.

बॅटरी काढून जागेवरच रेझिस्टर मोजला, तर समांतर वाटांमुळे आकडा रंगपट्ट्यांपेक्षा कमी येऊ शकतो. त्याने दचकू नका. जास्त आला, आणि शेजारच्या कपॅसिटरमधला चार्ज संपल्यावरही जास्तच राहिला, तर मात्र तो रेझिस्टर बिघडलाय असं समजा. आयसीवरचा नंबर खरवडलेला असेल तर आठ पायांपैकी बॅटरीचा प्लस कुठे जातो ते बघा. आठव्या पायावर गेला तर बहुधा आत दोन ऑपअँप (सिग्नल वाढवणारी तयार सर्किटं), टीएल०७२च्या घराण्यातले. सातव्यावर गेला तर एकच.

आता फसगतीची जागा. ९ व्होल्टच्या सर्किटमध्ये ऑपअँपचं इनपुट अर्ध्यावर, म्हणजे ४.५ व्होल्टवर धरलेलं असतं, आणि तेही १० मेगओहममधून. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा इम्पिडन्स १० मेगओहमच असतो. मीटर लावताच व्होल्टेज निम्म्यावर येतं, सव्वादोन दिसतं, आणि माणूस चांगला आयसी उपटून फेकतो. त्यापेक्षा आउटपुटच्या पायावर मोजा. तिथे ४.५ च्या आसपास असेल तर तो टप्पा डीसीपुरता ठीक आहे.

या रस्त्याचा खरा फायदा असा, की सर्किट अर्धं कागदावर येईपर्यंत बिघाड बहुतेक वेळा सापडलेला असतो: सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बॅटरी गळून हिरवा झालेला ट्रॅक, किंवा स्टिरिओ जॅकची पत्ती. (बॅटरीचा मायनस त्या जॅकमधूनच जोडला जातो, म्हणून केबल काढली की प्रीअँप बंद.) दुरुस्तीसाठी उकल करा, हे मी कुणालाही सांगेन. अख्ख्या बोर्डाची हुबेहूब नक्कल करायला मात्र सांगणार नाही. जुन्या एफईटीचं वर्तन नगागणिक बदलतं, त्यामुळे नकाशा तोच असूनही बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचं व्होल्टेज, पुन्हा जुळवावा लागतो.

दुसरा रस्ता बफरचा. डॉन टिलमन यांचं १९९२ सालचं सर्किट यासाठी प्रसिद्ध आहे: एक जे२०१ एफईटी, त्याच्या ड्रेन या पायाला ६.८ किलोओहम, सोर्स या पायाला २.२, इनपुटला ३ मेगओहम. ते मॅग्नेटिक पिकअपसाठी होतं. पिएझोला इनपुटचा रेझिस्टर १० मेगओहम करा. करंट अर्ध्या मिलिअँपियरच्याही आत, त्यामुळे बॅटरी विसरून जावी इतकी टिकते. तुलनेला, टीएल०७२ साधारण २.८ मिलिअँपियर खातो. ५०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी पावणेदोनशे तासांत आटोपते. त्याऐवजी टीएल०६२ लावला तर ती हजार तासांच्या पुढे जाते, पण हिस् वाढतो.

अडचण आहे ती सुट्या भागांची. तीन पायांच्या जुन्या वेष्टनातला जे२०१ बनवणं मोठ्या कंपन्यांनी बंद केलंय. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत मागितलात तर हातात काय पडेल याचा नेम नाही, म्हणून बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर करायच्या) रूपातला एमएमबीएफजे२०१ घेतलेला बरा. कॉलेजच्या लॅबमधला बीएफडब्ल्यू१० घरात असतोच, पण त्याचा करंट ८ ते २० मिलिअँपियरचा. टिलमनच्या रेझिस्टरांवर तो ९ व्होल्टमध्ये नीट बसत नाही, सगळी व्हॅल्यू बदलावी लागते. आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने लख्ख धुवा. १० मेगओहमच्या इनपुटवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर राहिला, तर मुंबईच्या जुलैत तो ओल धरून कुरकुरतो.

तिसऱ्या रस्त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ताकामिने असेल तर तोच घ्या: त्यांचे प्रीअँप सरकवून काढता-घालता येतात आणि जुन्या गिटारच्या खाचेतही नवा बहुतेक वेळा बसतो. मूळ प्रीअँप बाजूला ठेवा, सवडीने उकला. ओव्हेशनच्या गोलाकार पाठीला मात्र तयार चौकोनी प्रीअँपसाठी भोक पाडावं लागतं, आणि पाडलेलं भोक बुजत नाही. तिथे आधी उकल, नाही जमली तर बफर. स्टेजवर बास-ट्रेबल फिरवायची सवय असेल तर नुसत्या बफरवर भागणार नाही, बाहेर एक ईक्यू पेडल लागेल.

बोर्ड इपॉक्सीत बुडवलेला निघाला तर खरवडत बसू नका, त्यात ट्रॅकच उखडतात. प्रीअँप चालू असेल तर इनपुटला मालिकेत ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे त्याला पिएझो जोडल्यासारखं वाटेल. मग लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसमधून रूम ईक्यू विझर्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरचा स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) सोडा आणि प्रत्येक नॉब तळाला, मध्ये आणि टोकाला ठेवून वक्र साठवा. बंद पडलेला असेल तर मोजायलाच काही उरत नाही. सरळ बफर बांधा.