पॉझिटिव्ह मांजर: वेगळी खोली की सगळ्यांबरोबर?

घरात दोन मांजरं आहेत आणि एकीचा फेलाइन ल्युकेमियाचा (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा, विषाणूमुळे होणारा आजार) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे. आता तिला वेगळी खोली द्यायची, की दुसऱ्याला लस देऊन दोघांना एकत्रच राहू द्यायचं? मी आधी एकत्र ठेवून पाहिलं, नंतर खोली वेगळी केली.

त्याआधी एक सांगतो. क्लिनिकमधली झटपट चाचणी रक्तातलं या विषाणूचं पी२७ प्रथिन शोधते. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, जमल्यास पीसीआरही (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करा. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं, आणि मग हा प्रश्नच वेगळा होतो. दुसऱ्या मांजराचीही चाचणी हवी, कारण आधीच लागण झालेल्याला लसीचा उपयोग नाही.

एकत्र ठेवण्याच्या बाजूने बरंच आहे. निरोगी, वयात आलेलं मांजर पिल्लापेक्षा या विषाणूला चांगलं तोंड देतं. लस संरक्षण देते, पूर्ण खात्री मात्र देत नाही. आणि एकमेकांना टेकून झोपणाऱ्या जोडीला तोडताना जीव तुटतो, हे मी कमी लेखत नाही. अडचण अशी की विषाणू मुख्यतः लाळेतून जातो, आणि ज्यांचं पटतं तीच मांजरं तासन्‌तास एकमेकांना चाटतात.

तरीही माझा निर्णय लागणीच्या भीतीने झाला नाही. तो झाला वाटीत उरलेल्या अन्नामुळे. भूक मंदावणं ही या आजाराची एक नेहमीची खूण. हिरड्याही सुजतात, रक्त कमी होतं, कधी लिम्फोमा हा कॅन्सरही होतो. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे आपल्या हातात वाटी आणि शी-शूचा ट्रे एवढंच असतं. दोघं एकत्र असताना मला रोज तेच कोडं पडायचं: कोणी खाल्लं नाही? उलटी कोणाची? पातळ शी कोणाची? वाट्या वेगळ्या ठेवल्या, तर बोका दोन्ही चाटूनपुसून साफ करायचा, आणि तिने तोंड फिरवलं होतं हे मला उशिरा कळायचं. खोली वेगळी झाल्यावर सकाळी दार उघडलं की सगळं समोर दिसायचं.

खोलीचा त्रासही खराच आहे. सुरुवातीला ती दारामागे रडली. खिडकीशी उंच फळी लावली, रोज ठरलेल्या वेळी तिच्याजवळ बसलो, मग हळूहळू रुळली. स्वच्छतेची मात्र लोकांना वाटते तेवढी धास्ती नको. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, साबणाने हात धुणं आणि भांडी वेगळी ठेवणं पुरतं. माणसाला तो होतच नाही. उलट बाहेरची सर्दी तिच्यापर्यंत सहज पोचणार नाही, हा खोलीचा मला न सुचलेला फायदा. कच्चं मांस तिला देऊ नका आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा, हे दोन्ही पर्यायांत सारखंच.

तुमची दोघं म्हातारी असतील, वर्षानुवर्षं एकत्र असतील आणि दुसऱ्याची चाचणी निगेटिव्ह असेल, तर लस देऊन एकत्र ठेवणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. फक्त जेवण तरी बंद दाराआड वेगवेगळं द्या. मला विचाराल तर दार लागणारी एक खोली असल्यास मी तीच निवडेन, आणि घरात पिल्लू असेल तर नक्कीच.