लांब दांड्याचा गुलाब हवा असेल तर काय निवडाल?

फुलदाणीत ताठ उभा राहील असा दीड-दोन फूट दांड्याचा गुलाब घरच्या बागेतून कापायचा असेल, तर माझे मत सुरुवातीलाच सांगते: हायब्रिड टी गटातले कलमी झाड घ्या आणि शक्य असेल तर जमिनीत लावा. पण बाग कायम फुललेली दिसावी एवढीच इच्छा असेल, तर हे झाड तुमच्यासाठी नाही.

कारण साधे आहे. दांडा कापताना त्याच्यावरची पानेही जातात, आणि पाने म्हणजे झाडाचा अन्नाचा कारखाना. लांब दांडा देऊन झाड दर वेळी थोडे दुबळे होते आणि नव्याने उभे राहते. हे सोसण्याची ताकद कोणत्या झाडात किती, यावरच सगळी निवड ठरते.

हायब्रिड टी की फ्लोरिबंडा?

१८६७ सालच्या 'ला फ्रान्स'ला पहिला हायब्रिड टी मानतात. या गटाची खूण म्हणजे एका सरळ फांदीच्या टोकाला एकच मोठी, निमुळती कळी. शेजारी बारीक कळ्या आल्याच, तर त्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडायच्या, म्हणजे सगळा जोम मधल्या कळीला मिळतो. छाटणी खोलवर केली तर फांद्या कमी येतात, पण जाड आणि लांब येतात. १९६४ चा 'मिस्टर लिंकन' याचे उत्तम उदाहरण आहे: गडद लाल फूल, भरपूर सुवास आणि लांब दांडा. मला एकच लाल गुलाब निवडायला सांगितले तर मी हाच निवडेन.

फ्लोरिबंडाचा स्वभाव वेगळा. तो झुबक्याने फुलतो. १९५८ चा पांढरा 'आइसबर्ग' बहरला की झुडूप फुलांनी झाकून जाते, आणि एक बहर संपेपर्यंत दुसऱ्याची तयारी सुरू झालेली असते. यातून लांब दांडा मिळवायला जाऊ नका. झुबक्यातल्या एकेका फुलाचा देठ अगदी आखूड असतो, आणि अख्खा झुबका कापला तर त्यासोबत न उमललेल्या कळ्याही जातात.

हायब्रिड टी मात्र दोन बहरांच्या मध्ये उघडाबोडका दिसतो. कापल्यापासून पुढचे फूल यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. दिवाणखान्याच्या खिडकीसमोरच्या जागेसाठी निवड करताना याचा जरूर विचार करा.

या दोहोंच्या मधला गट म्हणजे ग्रँडिफ्लोरा. १९५४ साली आलेल्या गुलाबी 'क्वीन एलिझाबेथ'साठीच हा गट पाडला गेला. हे झाड पुरुषभर उंच जाते, काटे कमी, दांडे लांब. सुवास मात्र मंद. एकाच झाडापुरती जागा आहे आणि शोभा व दांडा दोन्ही हवे, तर हे घ्या.

फुलवाल्याकडचे गुलाब पाहून त्याच जाती शोधणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. त्या जाती हरितगृहासाठी तयार केलेल्या असतात. तिथे पाऊस पानांवर पडत नाही, तापमान आटोक्यात असते. उघड्या बागेत त्यातल्या अनेकींना काळे ठिपके आणि भुरी हे बुरशीचे रोग लवकर गाठतात. शिवाय फूल टिकावे म्हणून सुवासाकडे बहुधा दुर्लक्ष झालेले असते. घरी लावायचा तर बागेसाठीचाच वाण बरा.

जमीन की कुंडी?

जमिनीत मुळे खोल जातात, ओल टिकते, आणि कापलेला दांडा झाड लवकर भरून काढते. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे वारा खेळतो आणि बुरशी कमी होते. कुंडी किमान १६ इंची हवी. पाणी झरझर निघून जायला हवे, आणि खत थोडे थोडे पण वारंवार द्यावे लागते, कारण पाण्याबरोबर तेही वाहून जाते. कुंडीतही चांगले फूल मिळते, दांडा मात्र सहसा थोडा आखूड राहतो. तरीही उन्हातली कुंडी सावलीतल्या जमिनीपेक्षा केव्हाही चांगली. रोज किमान सहा तास थेट ऊन नसेल तर फांद्या वाढतात, पण टोकाला पुष्कळदा कळीच धरत नाही.

कलम की काडी?

डोळा (फांदीवरचा अंकुर) भरलेले कलम जोमदार खुंटाच्या, म्हणजे खालच्या दुसऱ्या गुलाबाच्या, मुळांवर वाढते, म्हणून लवकर भरते. सांध्याखालून येणारे खुंटाचे फुटवे मात्र दिसताक्षणी मुळापासून उपटावे लागतात, नाहीतर तेच झाड होऊन बसतात. काडीपासून केलेल्या झाडाला ही कटकट नाही, पण कितीतरी हायब्रिड टी स्वतःच्या मुळांवर मंद वाढतात. लांब दांड्यासाठी मी कलमच घेईन.

कापताना

चांगल्या झाडाचा दांडा आखूड राहतो तो बहुतेकदा कापणीमुळे. जी फांदी कापायची तिच्यावर पाच पर्णिकांची (एकाच देठावरच्या छोट्या पानांची) किमान दोन पाने मागे ठेवा, आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर कापा. जाड लाकडावरच्या डोळ्यातून जाड फांदी फुटते, बारीक टोकाजवळून बारीकच. कळीची हिरवी निदले खाली वळून पाकळ्यांचा रंग दिसू लागला की सकाळी लवकर कापून लगेच पाण्यात ठेवा. त्याआधी कापलेली घट्ट कळी पुष्कळदा उमलतच नाही, मान टाकते.

नव्या झाडाची पहिल्या वर्षीची फुले फक्त देठापुरती घ्या. पाने राहू द्या, मुळे बसू द्या. लांब दांडे दुसऱ्या वर्षीपासून कापा, तेही एका वेळी सगळे नाही.