घरच्या यूव्हीबी दिव्याबरोबर ११ महिने

आज २५ जून, जागतिक कोड दिन. गेल्या ऑगस्टपासून घरी नॅरोबँड यूव्हीबी (अतिनील किरणांचा अरुंद पट्टा देणारा) दिवा वापरते आहे, त्याचा अनुभव लिहायला हाच दिवस बरा वाटला. माझं वय ४१, मी नाशिकला शाळेत शिकवते. कोडाचे पांढरे डाग ओठांच्या कडेला, एका पापणीवर, मानेवर मागच्या बाजूला, गुडघ्यावर, नडगीवर, बोटांच्या टोकांवर आणि कपाळावर.

कपाळावरचा पहिला. बरोबर टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच. टिकलीच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते रंगपेशींना मारतं, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. वीस वर्षं रोज एकाच जागी टिकली लावली होती. ज्यांच्या कपाळावर टिकलीखाली फिकट ठिपका दिसतोय त्यांनी हे वाचून आजच टिकली काढावी, एवढ्यासाठी हे सगळ्यात आधी लिहिलं.

सुरुवात दवाखान्यातल्या याच प्रकाशाच्या चेंबरने झाली. आठवड्यातून तीन वेळा, एकाआड एक दिवस. उभं राहायचं, चारही बाजूंनी नळ्या पेटतात, मिनिटभरात बाहेर. त्या मिनिटासाठी जाऊन-येऊन दोन तास मोडायचे. दोन महिन्यांत माझ्या निम्म्या रजा संपल्या, तेव्हा डॉक्टरांनीच घरचा हातातला दिवा सुचवला. मोठ्या कंगव्याएवढा असतो, आत ९ वॅटची छोटी नळी, सोबत टायमर आणि गॉगल. मला १५ हजारांच्या आत पडला.

हा प्रकाश म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा एक अरुंद पट्टा. कोडावर त्याचा उपयोग होतो हे १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मांडलं. त्याआधी सोरालेनच्या गोळ्या आणि यूव्हीए (दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण) असा उपचार चाले. त्यात मळमळ, दिवसभर गॉगल, उन्हाची धास्ती. सोरालेन म्हणजे आपल्या बावचीतलं द्रव्य. माझ्या आत्याने मायेने बावचीचं तेल पाठवलं होतं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवायला लावलं, कारण बावची लावलेली कातडी उजेडात भाजते, आणि वर दिव्याचा प्रकाश घेतला तर फोड ठरलेलेच.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने वेगळंच सुचवलं होतं. तिच्या घराजवळ टॅनिंग सलून आहे, तिथे लोक पैसे देऊन रंग चढवून घेतात, मग तू कशाला दवाखान्यात जातेस? मलाही क्षणभर पटलं होतं. पण ते टॅनिंग बेड मुख्यतः यूव्हीए फेकतात, पूर्ण अंगावर, आणि तिथे डोस मोजणारा डॉक्टर नसतो. डागात कातडीला रंग देणारं मेलॅनिनच नाही, म्हणजे डाग भाजणार आणि भोवतालची कातडी तेवढी काळी होणार. शिवाय कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००९ मध्ये टॅनिंग बेड पहिल्या गटात टाकले, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. नॅरोबँडचा अनुभव त्या मानाने दिलासा देणारा आहे, तरीही माझ्या डॉक्टर दर तीन महिन्यांनी सगळी कातडी तपासतात आणि तेवढ्यासाठी मी न चुकता जाते.

आता घरच्या लाइटचा रिवाज. माझ्या दिव्याला माझ्यासाठी डॉक्टरांनी २० सेकंद ठरवून दिले. हा आकडा कृपया उचलू नका. दिवा बदलला, नळी जुनी झाली, अंतर बदललं की तो बदलतो. दर वेळी साधारण १० टक्के वाढ. डाग हलका गुलाबी दिसला आणि २४ तासांत उतरला की त्याच सेकंदांवर थांबायचं. गुलाबीपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर पुढचा लाइट चुकवायचा. मानेवर मी हळूहळू ७० सेकंदांवर स्थिरावले, ओठांच्या कडेला त्याच्या निम्म्यावर. पापणी डोळा घट्ट मिटून, बाकी सगळं गॉगल लावून. मानेचं काम सासूबाई करतात. दुसरा गॉगल त्यांच्यासाठी मागून घेतला. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता, आता टायमर वाजायच्या आधीच त्या ‘झालं गं’ म्हणतात.

लाइटच्या आधी कातडी कोरडी आणि स्वच्छ. क्रीम नाही, सनस्क्रीन नाही, अत्तर तर अजिबात नाही. नंतर खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर, कारण कातडी फार कोरडी पडते. सकाळी स्कूटरवरून जाताना चेहऱ्याला स्कार्फ, हातमोजे आणि एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, डागांवर आणि डागांच्या भोवतीही. रात्री चेहऱ्यावर टॅक्रोलिमसचं मलम. नवं कुठलंही औषध सुरू करताना आधी विचारा. डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिकं प्रकाशाला कातडी हळवी करतात. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणीही याच काळात झाली, कोडाबरोबर थायरॉइडची गडबड पुष्कळ जणांत सापडते. आणि परकराची नाडी सैल बांधायला लागले. जिथे सारखं घासतं, काचतं, तिथे नवा डाग उठू शकतो.

पहिले दोन महिने सगळ्यात कठीण. भोवतालची कातडी काळवंडली आणि डाग पूर्वीपेक्षा उठून दिसायला लागले. ज्या बायकांनी आधी कधी विचारलं नव्हतं त्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं. मी दिवा कपाटात ठेवून देणार होते. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, ‘७२ वेळा लाइट झाल्याशिवाय उपयोग नाही असं म्हणायचं नाही.’ त्या आकड्याला मी धरून राहिले.

दसऱ्याच्या सुमारास मानेवरच्या डागात तीळ पेरल्यासारखे तपकिरी ठिपके दिसले. सासूबाईंनाच आधी दिसले. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो, म्हणून रंग ठिपक्याठिपक्याने वर येतो. त्या रात्री मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणि लगेच चूक केली. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, रत्नागिरीला, तीन आठवड्यांहून जास्त राहिले. दिवा नाशिकला. परत आल्या दिवशी उत्साहात मानेवर थेट ७० सेकंद. रात्रीपर्यंत काहीच नाही, सकाळी मान लाल, संध्याकाळी फोड. या प्रकाशाचा चटका लगेच कळत नाही, आठ तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी कळतो. मला लिहून दिलेला नियम असा होता: आठवड्यापर्यंत खंड पडला तर तोच डोस, दोन आठवड्यांपर्यंत असेल तर पाव कमी, तीनपर्यंत अर्धा, त्याहून जास्त असेल तर पहिल्यापासून. कागद कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता, मी त्याकडे पाहिलं नाही. दहा दिवस लाइट बंद, मग पुन्हा २० सेकंद.

तेव्हापासून वही. तारीख, जागा, सेकंद, दुसऱ्या दिवशी कातडी कशी होती. महिन्याच्या एक तारखेला सकाळी त्याच खिडकीशी फोटो. हे फोटो नसते तर मला फरक दिसलाच नसता, आरशात रोज पाहणाऱ्याला काही हललेलं कळत नाही. दवाखान्यात डॉक्टर आधी वहीच मागतात.

आजची स्थिती: पापणी पूर्ण भरली. मान जवळजवळ भरली, कडेला एक फिकट पट्टी राहिली आहे. ओठांच्या कडेला अर्ध्याहून जास्त. कपाळाचा ठिपका शोधावा लागतो. गुडघ्यावर बेटं आहेत, ती एकमेकांना भेटतील असं वाटतं. नडगीवर काही नाही, तिथले केसही पांढरे झालेत, आणि केसच पांढरे असतील तर मुळाशी रंगाचा साठा उरलेला नसतो.

बोटांच्या टोकांवरही काही आलं नाही. तिथे केस मुळातच नाहीत, आणि हातापायांची टोकं सगळ्यात कमी दाद देतात हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी ९ महिने तिथेही दिवा धरला. मे महिन्यात डॉक्टर आणि मी दोघींनी बसून फोटो पाहिले आणि बोटांचा लाइट बंद केला. आता वहीत त्या रकान्यात रेघ असते. त्याच बोटांनी खडू धरून मी फळ्यावर लिहिते, वर्गातली मुलं पाहतात, पाचवीतल्या एका मुलीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं की हा लागणारा रोग नाही, बोट धरून बघ. तिने धरलं.